ओघ आणि खोळंबा : हार्ड डिस्कला वेग देण्याच्या दोन वाटा

संगणकातील साठवण ‘वेगवान’ आहे असे म्हणताना दोन वेगळे गुण एकाच शब्दात गुंडाळले जातात. एक म्हणजे ओघ : वाचन एकदा सुरू झाले की सेकंदाला किती माहिती बाहेर पडते. दुसरा म्हणजे खोळंबा : माहिती मागितल्यापासून तिचा पहिला बाइट हाती येईपर्यंत किती वेळ जातो. हार्ड डिस्कचा ओघ बरा असतो, खोळंबा मात्र फार मोठा. तिला वेग देण्याच्या दोन वाटा बरीच वर्षे वापरात आहेत. दोन किंवा अधिक डिस्क जोडून माहिती त्यांच्यावर पट्ट्यापट्ट्यांनी वाटून टाकायची, ही स्ट्रायपिंगची वाट. मोठ्या डिस्कपुढे एक लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपांवरची साठवण) ठेवून नेहमी लागणारी माहिती तिच्यात हाताशी ठेवायची, ही कॅशेची वाट. पहिलीने ओघ वाढतो, दुसरीने खोळंबा घटतो. ही दोन वेगळ्या दुखण्यांवरची औषधे आहेत आणि एकाच्या जागी दुसरे घेतले तर गुण येत नाही.

हार्ड डिस्क हे शेवटी एक फिरते यंत्र आहे. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या एका आसाभोवती फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर उंचीवर वाचन-लेखनाचे हेड तरंगत असते. माहिती हवी असेल तर आधी हेड धरणारी भुजा योग्य वर्तुळावर जाऊन स्थिरावते; मग हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावे लागते. टेबलावरच्या संगणकातील डिस्क बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा सरासरी अर्ध्या फेऱ्याने येतो असे धरले, तर ४.१७ मिलिसेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. भुजेच्या हालचालीचे आणखी आठ-साडेआठ. दोन्ही मिळून सुमारे साडेबारा मिलिसेकंद.

साडेबारा मिलिसेकंद हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो प्रत्येक विखुरलेल्या तुकड्यामागे मोजावा लागतो. तबकडीवर इथेतिथे पडलेले तुकडे उचलायचे असतील तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ८० तुकडे देते. तुकडा ४ केबीचा असेल तर ओघ उरतो सेकंदाला ३२० केबी. तीच डिस्क सलग वाचू दिली, भुजा जवळपास जागची न हलवता, तर सेकंदाला १८० एमबी सहज देते. एकाच यंत्राच्या दोन वागणुकींत साडेपाचशे पटींहून अधिक अंतर आहे. साठवणीच्या वेगाविषयीची पुढची सगळी चर्चा या अंतराभोवती फिरते.

हे अंतर कारागिरीच्या कमतरतेमुळे पडलेले नाही. १९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या रॅमॅक या संगणकाची डिस्क ही जगातली पहिली हार्ड डिस्क. कॅलिफोर्नियातील सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत ती घडली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत, आणि एक नोंद शोधायला सरासरी ०.६ सेकंद लागे. आज २० टीबीची डिस्क तळहातावर मावते. क्षमता लाखो पटींनी वाढली, खोळंबा मात्र ५० पटींच्या आसपासच घटला. चुंबकीय ठिपके लहान करत नेता येतात; भुजेला वजन असते आणि तबकडीला फिरायला वेळ लागतो. २००० साली मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या डिस्क सर्व्हरसाठी निघाल्या. त्यांनी अर्ध्या फेऱ्याची वाट २ मिलिसेकंदांवर आणली, पण उष्णता, आवाज आणि किंमत वाढली, क्षमता कमी झाली. यांत्रिक भागाची मर्यादा तिथे जवळपास गाठली गेली.

पट्ट्यांची वाट

एक डिस्क पुरत नसेल तर अनेक डिस्क एकदम कामाला लावाव्यात, हा विचार १९८०च्या दशकात पक्का झाला. केनेथ सेलम आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९८६ साली डिस्क स्ट्रायपिंगवर निबंध लिहिला. १९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांचा ‘रेड’वरचा निबंध प्रसिद्ध झाला. मोठ्या संगणकांच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांच्या स्वस्त डिस्कचा ताफा वापरावा, आणि त्यातली एखादी बंद पडली तरी काम अडू नये म्हणून जादा माहिती राखून ठेवावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. ‘रेड’ या नावातले पहिलेच अक्षर, ‘रिडंडंट’मधला आर, त्या राखीव माहितीचे आहे. निबंधात पहिली ते पाचवी अशा पाच पातळ्या होत्या. नुसती वाटणी करायची आणि राखीव काहीच ठेवायचे नाही, या रचनेला पुढे ‘रेड-०’ हे नाव पडले. शून्य म्हणजे सुरक्षितता शून्य, असे ते लक्षात ठेवावे.

वाटणी कशी होते ते एका छायाचित्रावरून स्पष्ट होईल. समजा, दोन डिस्कची जोडी आहे आणि पट्ट्याची रुंदी ५१२ केबी ठरवली आहे. ६ एमबीचे छायाचित्र साठवले की त्याचे १२ तुकडे होतात. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या, तिसरा पुन्हा पहिल्या, असे सहा-सहा तुकडे दोन्हीकडे जातात. छायाचित्र उघडताना दोन्ही डिस्क आपापले सहा तुकडे एकाच वेळी वाचतात आणि संगणकाला ते पुन्हा क्रमाने जुळलेले मिळतात. वापरणाऱ्याला एकच मोठी डिस्क दिसते.

फाइल मोठी असेल तर लाभ ठसठशीत असतो. ५० जीबीचे चित्रीकरण सेकंदाला १८० एमबी वेगाने वाचायला सुमारे ४ मिनिटे ३८ सेकंद लागतात. दोन डिस्कची जोडी तेच काम २ मिनिटे १९ सेकंदांच्या आसपास उरकते. चार डिस्क लावल्या तर वेळ आणखी निम्म्यावर येतो. मात्र ज्या ठिकाणी माहिती उतरवायची तिथेही तेवढा वेग हवा, नाहीतर जोडी नुसती ताटकळत राहते.

आता हीच जोडी लहान फाइलींसमोर उभी करून पाहावी. एखादे मोठे सॉफ्टवेअर सुरू होताना त्याला डिस्कवर विखुरलेले ४ केबीचे १०,००० तुकडे लागतात असे समजू. एकूण माहिती जेमतेम ४० एमबी. सलग मांडलेली असती तर पाव सेकंदात वाचून झाली असती. विखुरलेली असल्याने प्रत्येक तुकड्याला साडेबारा मिलिसेकंद, म्हणजे एकूण १२५ सेकंद. दोन मिनिटांहून जास्त. दोन डिस्कमुळे हा वेळ निम्मा व्हावा अशी अपेक्षा असते, पण ४ केबीचा तुकडा ५१२ केबीच्या पट्ट्यात पूर्ण मावतो. तो एकाच डिस्कवर असतो आणि तो आणायला त्या डिस्कच्या भुजेला तेवढाच प्रवास करावा लागतो. एक तुकडा हाती आल्यावरच पुढचा कोणता हवा हे ठरत असेल, तर दुसरी डिस्क त्या वेळात बसून राहते. अनेक मागण्या एकाच वेळी रांगेत असतील तेव्हाच त्या दोन्हींकडे वाटल्या जातात आणि वेळ निम्म्याच्या जवळ येतो. सर्व्हरवर अशी रांग लागते. एकट्या माणसाच्या संगणकावर फारच कमी वेळा.

याहून सूक्ष्म एक गोष्ट आहे. मागणीचा तुकडा दोन पट्ट्यांच्या सीमेवर पडला तर दोन्ही डिस्कना हलावे लागते आणि उशिरा पोचणाऱ्या डिस्कसाठी थांबावे लागते. एका डिस्कला सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते. दोन डिस्कपैकी मागाहून येणारीची वाट सरासरी दोन-तृतीयांश फेऱ्याची होते. ४.१७ मिलिसेकंदांच्या जागी ५.५६. म्हणजे अशा वाचनात पट्ट्यांची जोडी एकट्या डिस्कपेक्षा किंचित हळू असते.

पंगतीचे उदाहरण इथे चपखल बसते. शंभर पाने मांडली आणि भात वाढायचा असेल तर चार वाढपी एकापेक्षा चौपट कामाचे. पण एका पानावरून मिठाची हाक आली आणि मीठ मागच्या कोठीघरात असेल, तर चार वाढपी असूनही एकालाच तिथवर जाऊन यावे लागते, आणि पान तेवढाच वेळ थांबते. तिथे उपयोगाची असते ती मांडवाच्या दाराशी मीठ, लिंबू, तूप आधीच आणून ठेवलेली घडवंची.

पट्ट्यांच्या वाटेवरचा धोका मात्र लहानमोठ्या सगळ्या फाइलींना सारखाच असतो. दोनपैकी एक डिस्क गेली की सहा एमबीच्या त्या छायाचित्राचा दर दुसरा तुकडा जातो, आणि असे छायाचित्र उघडत नाही. पट्ट्याहून लहान फाइली उरलेल्या डिस्कवर शाबूत असल्या, तरी कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारी यादीही अर्धीच उरलेली असते. व्यवहारात सगळेच गेले असे धरावे. एक डिस्क वर्षभरात बंद पडण्याची शक्यता ३ टक्के मानली, तर दोनांपैकी निदान एक बंद पडण्याची शक्यता ५.९ टक्के होते आणि चारांपैकी एक बंद पडण्याची साडेअकरा टक्के. प्रत्येक नवी डिस्क ओघाबरोबर हा आकडाही वाढवते. म्हणून रेड-०वर ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत अन्यत्र असलीच पाहिजे. या बाबतीत कोणतीही सवलत नाही. वेग आणि सुरक्षितता दोन्ही हवी असेल तर चार डिस्कची रेड-१० रचना आहे : डिस्कच्या आरसाजोड्या करायच्या आणि त्या जोड्यांवर पट्टे पाडायचे. निम्मी क्षमता त्यात खर्ची पडते. आणि ती घेतली तरी बॅकअप लागतोच, कारण चुकून पुसलेली फाइल आरशातूनही त्याच क्षणी पुसली जाते.

हाताशी ठेवण्याची वाट

‘कॅशे’ हा शब्द फ्रेंचमधल्या ‘लपवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. वापरणाऱ्याच्या नजरेआड राहून काम करणारी ही साठवण आहे. कल्पना जुनी. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मोठ्या, मंद स्मृतीपुढे लहान, वेगवान स्मृती ठेवण्याची रचना मांडली, आणि १९६८ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात ती आली. तिचा पाया माणसांच्या आणि प्रोग्रामच्या एका सवयीवर आहे. जे आत्ता लागले ते थोड्या वेळाने पुन्हा लागते. संगणकात ५ लाख फाइली असल्या तरी रोज हात लागतो तो काही हजारांना.

हार्ड डिस्कपुढे ही रचना उभी करायला जो पदार्थ लागणार होता तो फ्लॅश स्मृतीच्या रूपाने मिळाला. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली नँड फ्लॅश जगापुढे मांडली. आजची जवळपास प्रत्येक एसएसडी तिच्यावर चालते. एसएसडीत फिरणारे काही नाही, त्यामुळे कुठलाही तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. वरच्या उदाहरणातले १०,००० तुकडे, ज्यांना हार्ड डिस्कवर १२५ सेकंद लागले, ते एसएसडीवर एका सेकंदाच्या आसपास येतात. तिचा ओघही चांगलाच आहे. साटा जोडणीतून सेकंदाला साडेपाचशे एमबी मिळतात, एनव्हीएमई जोडणीतून कित्येक हजार. एसएसडीच्या पोटातही पट्टेच असतात : नियंत्रक चिप माहितीचे तुकडे अनेक नँड चिपांवर वाटून एकाच वेळी लिहिते आणि वाचते. कमी क्षमतेच्या एसएसडीत चिपा कमी, म्हणून तिचा लेखनवेगही सहसा कमी असतो. कॅशेसाठी अगदी लहान एसएसडी घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

२०१० नंतरच्या काही वर्षांत एसएसडी महाग होती आणि संपूर्ण साठवण तिच्यावर नेणे अनेकांना परवडत नव्हते. त्या काळात कॅशेची उत्पादने भराभर आली. सीगेटने २०१० साली मोमेंटस एक्सटी ही ५०० जीबीची डिस्क काढली, तिच्या पोटातच ४ जीबी फ्लॅश होती. २०११ साली इंटेलने झेड६८ चिपसेटबरोबर स्मार्ट रिस्पॉन्स टेक्नॉलॉजी आणली. एसएसडीचा ६४ जीबीपर्यंतचा भाग हार्ड डिस्कची कॅशे म्हणून तीत वापरता येई. लिनक्समध्ये २०१३ साली डीएम-कॅशे आणि बीकॅशे या दोन व्यवस्था एकापाठोपाठ दाखल झाल्या. २०१७ साली इंटेलच्या ऑप्टेन मेमरीच्या १६ आणि ३२ जीबीच्या पट्ट्या आल्या. त्यांतली स्मृती नँडहून वेगळ्या जातीची आणि खोळंब्याच्या बाबतीत सरस होती. २०२२ साली इंटेलने ऑप्टेनचा व्यवसायच गुंडाळला.

कॅशेचा खरा लाभ किती, हे तिच्या आकारापेक्षा मागितलेली वस्तू तिच्यात किती वेळा सापडते यावर ठरते. साध्या गणिताने हे दिसते. सापडली तर ०.१ मिलिसेकंद, न सापडली तर साडेबारा. निम्म्या वेळा सापडत असेल तर सरासरी ६.३ मिलिसेकंद, म्हणजे वेग कसाबसा दुप्पट. शंभरात ९० वेळा सापडली तर सरासरी १.३४, म्हणजे नऊपट. ९९ वेळा सापडली तर ०.२२, म्हणजे ५५ पटींहून अधिक. ९० आणि ९९ यांतला फरक कानाला किरकोळ वाटतो, पण सरासरी वेळाचा मोठा भाग न सापडलेल्या मागण्यांतच जातो. रोजचे काम कॅशेत पूर्ण मावत असेल तर जादू झाल्यासारखे वाटते. थोडेसे जरी बाहेर सांडत असेल तर अडखळणे सुरू होते.

यातूनच कॅशेचे स्वभाव कळतात. पहिल्यांदा उघडलेली गोष्ट हळूच उघडते, कारण कॅशेला ती अजून माहीत नसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला फरक पडतो. म्हणून एकच चाचणी पुन्हा पुन्हा चालवून मिळालेले आकडे फसवे असतात : तेवढाच भाग कॅशेत जाऊन बसलेला असतो. सलग मोठ्या फाइलीचा कॅशेला उपयोग नाही, उलट त्रास आहे. ४० जीबीचा चित्रपट एकदा पाहिला म्हणून तो ६४ जीबीच्या कॅशेत शिरला, तर रोज लागणाऱ्या हजारो लहान तुकड्यांना बाहेर काढील. चांगल्या कॅशे-व्यवस्था म्हणूनच सलग वाचन ओळखून ते थेट हार्ड डिस्ककडे पाठवतात. बीकॅशेमध्ये ही सीमा मुळात ४ एमबीवर ठेवलेली आहे. त्याहून लांब सलग ओळ दिसली की कॅशे बाजूला होते. ज्या कामात हार्ड डिस्क आपणहून चांगली, ते तिच्याकडेच राहते.

वाचनापेक्षा लेखनाचा प्रश्न नाजूक आहे. कॅशे दोन प्रकारे लिहू शकते. पहिल्या प्रकारात माहिती एसएसडीवर आणि हार्ड डिस्कवर दोन्हीकडे उतरल्यावरच ‘लिहून झाले’ असा निरोप जातो. लेखनाचा वेग हार्ड डिस्कचाच राहतो, पण एसएसडी बंद पडली तरी काही हरवत नाही. दुसऱ्या प्रकारात एसएसडीवर उतरताच निरोप जातो आणि हार्ड डिस्कवरची नोंद सवडीने होते. लेखन झपाट्याने होते. मात्र त्या मधल्या काळात सगळ्यात ताजी माहिती फक्त एसएसडीवर असते.

हा दुसरा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. दुकानातल्या संगणकावर दिवसभराच्या पावत्या नोंदवल्या आहेत, कॅशे सवडीने लिहिणारी आहे, आणि संध्याकाळी वीज जाते. वीज परत आल्यावर संगणक सुरू होतो, एसएसडीवर राहिलेल्या नोंदी हार्ड डिस्कवर उतरवल्या जातात आणि सगळे ठीक होते. एसएसडी वीज गेल्यावरही माहिती धरून ठेवते. पण त्याच वेळी संगणकाचा मदरबोर्ड जळाला आणि दुरुस्ती करणाऱ्याने नुसती हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली, तर त्या डिस्कवर चित्र अर्धवट असते. काही पावत्या नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे फाइलींच्या यादीचा काही भाग जुना, काही नवा. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर ही विसंगती ‘दुरुस्त’ करायला गेले की उरलेलेही बिघडू शकते. सवडीने लिहिणाऱ्या कॅशेत एसएसडी आणि हार्ड डिस्क मिळून एकच डिस्क असते. दोघींना वेगळे करण्याआधी कॅशे रीतसर रिकामी करावी लागते. एसएसडी अचानक निकामी झाली तर तो मार्गही उरत नाही. त्यामुळे पावत्या, हिशेब, नोंदवह्या असलेल्या यंत्रावर पहिला प्रकारच ठेवणे शहाणपणाचे. बीकॅशेमध्ये मुळात तोच लावलेला असतो.

एसएसडीची झीजही हिशेबात धरावी लागते. नँडच्या पेशी ठराविक वेळाच पुसून लिहिता येतात, आणि कॅशे हे सतत पुसून लिहिण्याचे काम आहे. घरगुती वापरात ही झीज बहुधा जाणवत नाही. दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरवर जाणवते. तिथे अधिक लेखन सोसणारी एसएसडी लागते.

कॅशेचे एक जवळचे भावंड म्हणजे थर लावणे. कॅशेत माहितीची मूळ प्रत हार्ड डिस्कवरच राहते, एसएसडीवर असते ती नक्कल. थरांच्या रचनेत मूळ प्रतच इकडून तिकडे हलवली जाते, त्यामुळे दोन्हींची क्षमता एकत्र मिळते. ॲपलने २०१२ साली आणलेली फ्यूजन ड्राइव्ह, १२८ जीबी एसएसडी आणि हार्ड डिस्क मिळून, अशी होती. तिचा धोका पट्ट्यांसारखाच : दोनपैकी काहीही गेले तरी सगळे जाते.

कोणत्या कामाला काय

चित्रपट आणि मालिकांच्या संकलनात ओघाला महत्त्व आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या चौकटी, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला २५ चौकटी, असे न दाबलेले चित्रीकरण सेकंदाला सुमारे १०४ एमबी मागते. एक हार्ड डिस्क एक धार कशीबशी निभावते. दोन कॅमेऱ्यांची दृश्ये शेजारी शेजारी चालवून कापायची असतील तर ती मागे पडते, आणि ४के चित्रीकरणाला चौपट, म्हणजे ४१५ एमबी लागतात. इथे पट्ट्यांची चार-सहा डिस्कची रचना कामाची आहे. रोज नवे चित्रीकरण येते आणि जुने पुन्हा क्वचितच लागते, त्यामुळे कॅशेत काही सापडण्याचा प्रश्नच येत नाही. मूळ चित्रीकरणाची प्रत दुसरीकडे असली म्हणजे रेड-०चा धोकाही पेलता येतो.

उलट टोकाला डेटाबेस, ईमेलचे सर्व्हर, एकाच यंत्रावर चालणारी अनेक आभासी यंत्रे. सगळे लहान तुकडे, विखुरलेले, आणि त्याच त्या भागात पुन्हा पुन्हा. इथे एसएसडी कॅशेला तोड नाही. सेकंदाला तेवढ्या मागण्या भागवायला हार्ड डिस्क डझनांनी लावाव्या लागतील.

घरातल्या सामाईक साठवणीत, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या खोक्यात, बहुतेक वेळा दोन्ही वाटा व्यर्थ ठरतात. घराचे नेटवर्क एक गिगाबिटचे असेल तर तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. एकटी आधुनिक हार्ड डिस्क ही तार भरून टाकते. तिथे पट्टे पाडणे म्हणजे अरुंद बोळाच्या तोंडाशी रस्ता रुंद करणे. धोका वाढतो, वेग तेवढाच. अशा खोक्यात अनेकजण हजारो छायाचित्रांच्या फाइली एकाच वेळी चाळत असतील तर कॅशेचा थोडा लाभ होतो; नुसते चित्रपट पाहायचे असतील तर तोही नाही.

साध्या घरगुती किंवा कार्यालयीन संगणकासाठी आता निवड सोपी झाली आहे. एसएसडीच्या किमती २०१० नंतरच्या त्या वर्षांच्या तुलनेत कितीतरी खाली आल्या आहेत. विंडोज, सॉफ्टवेअर आणि रोजच्या फाइली पूर्णपणे एसएसडीवर ठेवाव्यात आणि मोठा, क्वचित लागणारा साठा हार्ड डिस्कवर. अशा मांडणीत सगळेच नेहमी सापडते, पहिल्या खेपेचा उशीर नाही, अर्धवट लेखनाची चिंता नाही. त्याही आधी रॅम पाहावी. संगणकाची कार्यप्रणाली रिकाम्या रॅमचा उपयोग डिस्कची कॅशे म्हणूनच करते, आणि रॅम एसएसडीहूनही कित्येक पट चपळ आहे. ४ जीबी रॅमवर गुदमरणाऱ्या यंत्राला कॅशेची एसएसडी लावणे हे दुसऱ्या क्रमांकाचे औषध आहे. मोठ्या साठ्याला हार्ड डिस्कशिवाय पर्याय परवडत नाही अशा जागी मात्र जुनी चर्चा तशीच जिवंत आहे. तिथे दोन्ही वाटा एकत्रही येतात : खाली डिस्कची राखीव माहिती असलेली रचना, वर एसएसडीची कॅशे.

कोणते दुखणे आहे हे यंत्र स्वतःच दाखवते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या पानावर डिस्क किती टक्के वेळ गुंतलेली आहे, सेकंदाला किती एमबी वाचले-लिहिले जात आहेत आणि एका मागणीला सरासरी किती मिलिसेकंद लागत आहेत, असे तीन आकडे असतात. लिनक्समध्ये आयोस्टॅट ही आज्ञा तेच सांगते. यंत्र अडखळत असताना हे पान उघडावे. डिस्क १०० टक्के गुंतलेली, ओघ सेकंदाला एक-दोन एमबी आणि प्रत्येक मागणीला लागणारा वेळ दहापट फुगलेला, असे दिसले तर भुजा धावून दमते आहे. उपाय एसएसडी, पूर्ण नाहीतर कॅशे म्हणून. डिस्क १०० टक्के गुंतलेली आणि ओघ १५०-१८० एमबीवर टेकलेला दिसला तर डिस्क जमेल तेवढे देत आहे आणि कामाला तेवढे पुरत नाही. तिथे पट्टे लाभतात. आणि डिस्क २०-३० टक्केच गुंतलेली असूनही काम हळू चालले असेल, तर अडचण साठवणीत नाही, प्रोसेसर, रॅम किंवा नेटवर्ककडे पाहावे.